गाण्यातून पुसलेलं नाव

एका माणसाने आयुष्यात एकदाच गाण्यात आपल्या बायकोचं नाव घेतलं, आणि ते मी पुसून टाकलं. चुकून हात लागून नव्हे हं. कानाला हेडफोन लावून, चहाचा कप बाजूला ठेवून, पूर्ण शहाणपणाने पुसलं. वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. तीन वर्षं होत आली, पण अजून भांडी घासताना मध्येच आठवतं आणि हात थांबतो.

माझं कामच ते आहे. इथे सिंगापूरला, बुओना व्हिस्टाच्या एका संशोधन संस्थेत मी आवाज साफ करण्यावर काम करते. म्हणजे फोनवर कोणी बोलत असेल आणि मागे बस, पंखा, पोरांचा दंगा चालू असेल, तर बोलणाऱ्याचा आवाज ठेवायचा आणि बाकीचा काढायचा. बाकीच्याला आम्ही सरळ कचरा म्हणतो. नवरा चिडवतो की ऑफिसात आवाज काढतेस आणि घरी येऊन तो भरून काढतेस. काढू दे बापडा चिमटे. चाळीत वाढलेय मी, माझा आवाज मोठाच आहे. माझी लेक तर मला लिफ्टमध्ये फोनवर बोलूच देत नाही. "मा, सो लाऊड लाह," म्हणते आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

आम्ही तोआ पायोहला एका जुन्या ब्लॉकमध्ये राहतो. आमच्याच कॉरिडॉरमध्ये तीन दारं सोडून एक काँगोची बाई राहते. मूळची किन्शासाची, जुरोंग आयलंडवर केमिकल इंजिनिअर. सकाळी सहाला कंपनीची बस असते, त्यामुळे आठवडाभर ती कोणाला दिसत नाही. आमची ओळख झाली ती माझ्या फोडणीवरून. एका शनिवारी मिरचीचा ठसका तिच्या घरापर्यंत गेला. दार वाजलं तेव्हा मला वाटलं आता ही भांडणार, म्हणून मी पण पदर खोचून तयारच. तर ही खोकत खोकत म्हणाली, "काय शिजवतेस? मला पण दे." तेव्हापासून मैत्री.

तिची आई जाऊन वीसेक वर्षं झाली होती. वडील किन्शासात एकटेच. त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा ती त्यांना काही महिन्यांसाठी इथे घेऊन आली. ते आले त्या आठवड्यात ती मला म्हणाली, "माझे वडील गायक आहेत. होते." मी म्हटलं, अरे वा. आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एक गायक असतो, त्यातले असतील. मग तिने फोनवर जुनी गाणी लावली आणि लोक खाली काय काय लिहितात ते दाखवलं. कोणी लिहिलं होतं, याच गाण्यावर माझ्या आईबापाचं लग्न ठरलं. कोणी लिहिलं होतं, आमच्या गल्लीत हे लागलं की पोलीससुद्धा नाचायचे. काँगोच नव्हे, आजूबाजूच्या सगळ्या देशांत ही गाणी घराघरांत. आणि तो माणूस आमच्या ब्लॉकखाली मोकळ्या जागेत दगडी टेबलापाशी, इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट घालून कॉफी पीत बसलेला असायचा. शेजारी चिनी आजोबा पट खेळत बसायचे. त्यांना काय पत्ता की बाजूला कोण बसलंय!

त्यांना सगळे पापा म्हणतात, मीही पापाच म्हणायला लागले. ते मला डॉक्टर म्हणायचे. पीएचडीवाली डॉक्टर आहे, इंजेक्शन देत नाही, असं मी किती वेळा सांगितलं, पण नाही. ऑपरेशनने त्यांचा आवाज गेला होता. बोलताना नुसती हवा यायची, सायकलच्या पंपासारखी. त्यांची लेक तोंडाजवळ कान नेऊन ऐकायची आणि मला इंग्रजीत सांगायची. रविवारी सकाळी बाजारातून येताना मी भाजीची पिशवी त्या टेबलावर ठेवायची आणि आम्ही तिघं तास तास बसायचो. त्यांचं रेकॉर्डिंगचं सगळं आयुष्य मी असं तिसऱ्या तोंडून ऐकलंय.

पहिली रेकॉर्ड अठराव्या वर्षी. एक खोली, एक माईक. गाणारे माईकच्या तोंडाशी, गिटारवाले दोन पावलं मागे, आणि ट्रम्पेटवाल्याला दाराबाहेर उभं करायचे, कारण तो सगळ्यांना बुडवून टाकायचा. चुकलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. एकदा शेवटच्या ओळीला बाहेर कोंबडा आरवला. मालक म्हणाला, आता पुन्हा कोण करणार, राहू दे. तो कोंबडा अजून त्या रेकॉर्डवर आहे आणि लोक गाणं म्हणताना कोंबड्यासकट म्हणतात.

रुम्बा म्हणतात त्या त्यांच्या संगीतातलं गाणं दोन तुकड्यांत असतं, हे मला तिथेच कळलं. आधी हळू गायचं, प्रेम, विरह, जे काय ते. मग गाणारा थांबतो आणि गिटार सुटतात. त्या भागाला ते सेबेन म्हणतात. जुन्या छोट्या रेकॉर्डवर एका बाजूला गाणं, आणि ती उलटली की दुसऱ्या बाजूला सेबेन. सेबेन चालू झालं की माणसं खुर्च्या सोडतात. आणि त्याच भागात गायक नावं घेतो. ओळखीच्या माणसांची, मदत करणाऱ्यांची, मोठ्या लोकांची. मध्येच मोठ्याने हाक मारल्यासारखं नाव, आणि पुन्हा गिटार.

आधी दोस्तांची नावं घ्यायचे, पापा म्हणाले. मग गाणी चालायला लागली तशी यादी यायला लागली. रेकॉर्ड कंपनीचा माणूस कागद हातात द्यायचा. कापडाचा व्यापारी, कस्टमचा साहेब, फुटबॉल क्लबचा मालक, सूट फुकट शिवून देणारा शिंपी. पुढे पॅरिसच्या स्टुडिओत गेले, तिथे प्रत्येकाला वेगळं काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन. "मी कोणाकडे बघून गाऊ?" असं त्यांनी विचारलं, तर म्हणे काचेकडे बघा. तिथेही समोर तो नावांचा कागद होताच. सांगताना त्यांनी तोंड वाकडं केलं. त्या नावांनी माझ्या चांगल्या चांगल्या गाण्यांची माती केली, म्हणाले. हे वाक्य मी ध्यानात ठेवलं. नेमकं हेच ठेवलं, काय सांगू!

कारण त्याच सकाळी लेकीने दुसरंही एक सांगितलं होतं. हसत हसत सांगितलं. नवी रेकॉर्ड घरी आली की तिची आई स्वयंपाकघरात हातातलं काम टाकून उभी राहायची. सेबेन संपेपर्यंत एक एक नाव ऐकायची. मग म्हणायची, "शिंपी आला. शिंप्याचा मेहुणासुद्धा आला. मी अजून आले नाही." पापा म्हणायचे, तुझं नाव काय बाजारात ओरडायचं आहे का? ती पुन्हा पीठ मळायला लागायची. प्रत्येक रेकॉर्डला हेच. मी खो खो हसले होते. म्हटलं, आमच्याकडे लग्नात नवऱ्याला दारात अडवून धरतात, नाव घे म्हणून, घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. पापांना लेकीने ते सांगितलं. ते मात्र हसले नाहीत. हातातल्या कपाकडे बघत राहिले.

त्यांचा इथे राहायचा पास संपायला महिनाभर राहिला असताना ते एकटेच माझ्या दारात आले. खिशातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. मागून लेक आली, कामावरच्या कपड्यांतच. म्हणाली, हे पापांचं शेवटचं रेकॉर्डिंग आहे, किन्शासातलं. आणखी गाणी व्हायची होती, एवढं एकच झालं. स्टुडिओवाल्याने ऐकायला म्हणून कच्ची कॅसेट दिली, आणि त्याच महिन्यात आई गेली. पापांनी मग गाणंच सोडलं. कॅसेट पेटीत टाकली, एकदाही ऐकली नाही. बऱ्याच वर्षांनी लावायला घेतली तर चालेना. स्टुडिओ पण आता नाही. ही साफ होईल का?

पापांनी माझा हात धरला आणि काहीतरी बोलले. लेक म्हणाली, "ते म्हणतायत, शेवटाकडे नीट लक्ष दे."

मी म्हटलं, "पापा, काळजीच सोडा."

एवढं म्हणायला मला काय जात होतं?

कॅसेट उघडली तर आत पांढरी बुरशी. फीत फितीला चिकटलेली. लहानपणी पेन घालून कॅसेट गुंडाळलेली मी, मला वाटलं होईल. संस्थेत जुनं चांगलं मशीन होतं, तिथे शनिवारी सकाळी चोरून घेऊन गेले. चोरून म्हणजे, बाहेरचं काही रेकॉर्डिंग तिथल्या मशीनवर ठेवायचं नाही असा नियम आहे. फीत हाताने हळूहळू सुटी केली, नव्या डब्यात भरली आणि लावली. एकदाच वाजली. वाजता वाजताच तपकिरी भुकटी खाली पडत होती. संपल्यावर फीत उजेडात धरली तर जागोजाग आरपार दिसत होतं. पण गाणं सगळं संगणकात आलं होतं. मी जिंकले होते.

मी काम करताना वही ठेवते. कितव्या मिनिटाला काय ऐकू आलं ते मराठीत लिहीत जाते, सवय आहे. त्या दिवशीही लिहिलं. आणि सेबेनमध्ये ती नावं आलीच. मला पापांचं ते वाकडं तोंड आठवलं. म्हटलं थांबा, शेवटच्या गाण्याची तरी माती होऊ देत नाही. जिथे जिथे मध्येच बोलणं होतं ते एकेक उचलून काढलं, खालची गिटार जिथे तुटली तिथे बेमालूम सांधली. खरं सांगते, सुरेख झालं होतं. असं काम मी पगारासाठीसुद्धा केलेलं नाही. मग साफ केलेलं गाणं पेनड्राइव्हवर घेतलं, आणि सोमवारी मशीनची तपासणी होती म्हणून मूळ फाईल पुसून टाकली. कचरा घरी कशाला न्यायचा!

मूळ कधी पुसू नये, हे मी शिकायला आलेल्या पोरांना दर आठवड्याला बजावते. एकाला यावरून रडवलंसुद्धा आहे.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी जमलो. लेकीने कसाव्याच्या पाल्याची भाजी केली होती, मी साबुदाणे वडे नेले. हा साबुदाणा पण तुमच्या कसाव्याचाच बरं का, असं मी ऐटीत सांगितलं. पापांनी सूट घातला होता. घरात, त्या उकाड्यात, सूट. मला वाटलं जुन्या माणसांची पद्धत.

गाणं लागलं. त्यांचा आवाज खोलीत आला तेव्हा लेकीने तोंडावर हात ठेवला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. इतका मऊ आवाज, आणि ज्या गळ्यातून निघाला तो समोर बसून नुसती हवा घेतोय. गाण्याचा भाग संपला, गिटार सुटल्या. पापांनी उजव्या हाताचं बोट वर केलं, थांबा, येतंय, अशा अर्थाने. लेकीकडे बघितलं. बोट वरच. गिटार वाजत राहिली. बोट थोडं खाली आलं, पुन्हा वर गेलं. गाणं संपलं.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच, बोट वर आणि डोळे स्पीकरवर. तिसऱ्यांदा त्यांनी बोट वर केलंच नाही. लेकीच्या कानाशी काहीतरी बोलले. ती गोंधळून मला म्हणाली, "पापा विचारतायत, मधलं बोलणं कुठे गेलं?"

आणि मी, अक्कल गहाण टाकलेली बाई, छाती फुगवून म्हणाले, "काढलं! सगळी नावं काढून टाकली. आता कसं स्वच्छ झालं की नाही?"

लेकीने ते त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग बराच वेळ त्यांची हवा येत राहिली आणि ती कान लावून ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा बदलत गेला. ती सरळ झाली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यात शेवटी आईचं नाव होतं. मला आजपर्यंत माहीत नव्हतं. त्यांना मला ऐकवायचं होतं."

बस्स, एवढंच बोलली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो पुष्कळ वेळ चालू राहिला. बिचारीला एकाच वाक्यात कळलं की बापाने आईचं नाव घेतलं होतं आणि ते आता नाही.

पापांनी एक वडा उचलून खाल्ला आणि चांगला झालाय अशी मान हलवली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे पंधरा दिवस मी काय काय केलं! संस्थेत जाऊन कबूल केलं की मशीनवर बाहेरचं काम केलं, आता ती फाईल परत मिळवून द्या. साहेबांची बोलणी खाल्ली. मशीनवाल्या माणसाच्या हातापाया पडायची बाकी राहिले. त्या जागेवर आठवड्याभरात दुसरं इतकं काही लिहिलं गेलं होतं की काही म्हणजे काही मिळालं नाही. फीत पुन्हा लावून बघितली. नुसती खरखर. जिथे नाव असेल तिथे फितीवर काहीच उरलं नव्हतं. वही तेवढी माझ्या ड्रॉवरमध्ये होती, पण ती उघडायचा धीर झाला नाही. माझंच अक्षर, मलाच त्याची भीती.

त्या दिवसांत मला बाबा सारखे आठवायचे. आमच्या चाळीच्या पटांगणात जयंतीला गायन पार्टी यायची. गाणं रंगात आलं की माणसं उठून स्टेजपाशी जायची, गायकाच्या हातात नोट ठेवायची आणि कानात नाव सांगायची. गायक गाणं तसंच धरून ठेवायचा, ते नाव माईकवर घ्यायचा आणि मग पुढची ओळ. मी दहावी पास झाले त्याच्या पुढच्या जयंतीला बाबा असेच उठले आणि माझं नाव सांगून आले. गायकाने नुसतं नाव नाही, मार्कसुद्धा पुकारले. अख्खं पटांगण वळून माझ्याकडे बघायला लागलं आणि मी चप्पल न घालता घरी पळाले. बाबा घरी आले तेव्हा मी फणकारले, "काय हा गावंढळपणा, बाबा! चांगल्या गाण्याची वाट लावली." त्यांनी सदरा खुंटीला अडकवला आणि जेवायला बसले. त्यानंतर त्यांनी कधी माझं नाव पुकारायला लावलं नाही, मी डॉक्टर झाले तेव्हासुद्धा नाही.

म्हणजे मला माहीत होतं. नाव मोठ्याने घेतलं जाणं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. मी ते पंधराव्या वर्षीच कचऱ्यात टाकलं होतं. बाबांची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

पापा परत जायच्या आदल्या सकाळी मी बाजारातून आले तेव्हा ते दगडी टेबलापाशी बसले होते, बरोबर लेक. मी तोंड चुकवून लिफ्टकडे निघाले होते. त्यांनी हात केला. मी पिशवी ठेवली आणि बसले. "सॉरी पापा," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांनी हाताने उडवून लावलं आणि लेकीच्या कानाशी लागले.

ती म्हणाली, "पापा म्हणतायत, ती कॅसेट वाजताना फक्त तू ऐकलीस. जगात दुसऱ्या कोणीच ऐकलेली नाही. त्यांनी स्वतःही नाही. त्या दिवशी स्टुडिओत सगळी मंडळी होती, त्यांना लाज वाटत होती, थोडी घेतलेलीही होती. त्यांना नीट आठवत नाही. ते विचारतायत, मी कसं म्हटलं तिचं नाव?"

दोघं माझ्याकडे बघत होते. आणि मला आठवत नव्हतं. खरंच सांगते, शपथ घेऊन सांगते, मला काहीही आठवत नव्हतं. मी त्या वेळी पडद्यावरच्या रेषा बघत होते, आवाजाची उंची किती, कुठे कापायचं, कुठे जोडायचं. तो आवाज ऐकणारी शेवटची बाई मी, आणि मी ऐकलाच नव्हता.

मी म्हटलं, "मोठ्याने, पापा. सगळ्यांत मोठ्याने. बाकीच्या नावांपेक्षा मोठ्याने."

लेकीने ते त्यांना सांगितलं. पापांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग ते हसले, आवाज न करता, खांदे हलवून. माझा हात थोपटला आणि काहीतरी बोलले. "मला वाटलंच होतं, म्हणतायत," लेक म्हणाली. ती पण रडत रडत हसत होती. पट खेळणारे चिनी आजोबा आमच्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. सात-आठ महिन्यांनी किन्शासात वारले. लेक धावत जाऊन आली. परत आल्यावर तिने घरी माणसं बोलावली, दहा-बारा जणं. कामावरचे, चर्चमधले, आणि मी. रविवारची दुपार होती. सकाळी मी ऑफिसातून आणून ठेवलेली ती वही काढली. आज कोणी विचारलं तर नाव कितव्या मिनिटाला होतं ते तरी बरोबर सांगता यावं, म्हणून काढली, दुसरं काही मनात नव्हतं. पान सापडलं. सेबेनच्या खाली ओळीने माझ्या अक्षरात लिहिलेलं. ओरडतो, नाव, काढणे. ओरडतो, नाव, काढणे. असं सात वेळा. आणि आठवी ओळ: "शेवटून थोडं आधी. पुटपुटतो. एकच शब्द, दोनदा. माईकपासून लांब, जेमतेम ऐकू येतं. काढणे."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. शिंप्याचं नाव ओरडून घेणारा माणूस, आणि बायकोचं नाव माईकपासून मान वळवून, दोस्तांना ऐकू जाऊ नये म्हणून, तोंडातल्या तोंडात. तरी दोनदा. माझा राग आला, त्यांचा आला, त्या पीठ मळणाऱ्या बाईचं इतकं वाईट वाटलं की मी वही पिठाच्या डब्याखाली सरकवली आणि तोंड धुऊन तिकडे गेले.

सगळ्यांचं खाणं झाल्यावर लेकीने ते गाणं लावलं. माझंच स्वच्छ केलेलं, दुसरं होतंच कुठे. गिटार सुटल्या तेव्हा तिने आवाज कमी केला आणि लोकांना सगळी गोष्ट सांगितली. आई कशी उभी राहायची, शिंप्याचा मेहुणा, सगळं. माझी चूक सांगितली नाही. कॅसेट खराब झाली, एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पण हिने ऐकलंय. पापांनी आईचं नाव सगळ्यांत मोठ्याने घेतलं होतं. कसं घेतलं ते दाखव ना. प्लीज."

आणि तिने आवाज पुन्हा वाढवला.

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. पटांगणात वळून बघितलं होतं तशीच. पण आता पळून जाता येत नव्हतं. मला त्या बाईचं नाव माहीत होतं, लेकीनेच सांगितलं होतं कधीतरी. मी उभी राहिले. गिटार नेमकी त्या जागी आली, जिथली सांधणी मी माझ्या हाताने केली होती आणि जी अजून कोणाला ओळखता आली नव्हती. मी त्या नावाने हाक मारली. चाळीतल्या आवाजात, दोनदा. कॉरिडॉरमध्ये कोणाचं तरी दार उघडल्याचं ऐकू आलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेक माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "अगदी असंच?"

मी म्हटलं, "अगदी असंच."

वही अजून पिठाच्या डब्याखालीच आहे.